तो एक आकडा कुठून आला?

निगडी प्राधिकरण

चि. मुक्ता,


तुझ्या एम.टेक.च्या प्रकल्पाचा मसुदा वाचला. ब्रेक डिस्कमधल्या उष्णतेचं समीकरण तू मेश न घालता, रेडियल बेसिस फंक्शन वापरून सोडवते आहेस, याचा मला फार आनंद झाला. इथे पिंपरीपासून चाकणपर्यंत गाड्यांच्या भागांचं विश्लेषण करणाऱ्या मुलामुलींचे दिवसच्या दिवस मेश नीट बसवण्यात जातात. त्यातून सुटका कुणाला नको? पण एक वाक्य खटकलं: ‘शेप पॅरामीटर ०.८ घेतला.’ का घेतला, ते कुठेच नाही. त्यासाठीच हे पत्र.

ही पद्धत मुळात अवकल समीकरणांसाठी नव्हतीच. आपल्या दुर्गा टेकडीवर वाटेल तिथे उंची मोजली, तर मधल्या जागांची उंची कशी काढायची? अमेरिकेतल्या आयोवाचे रोलंड हार्डी अशाच प्रश्नाशी झगडत होते. १९७१ साली त्यांनी उपाय मांडला. प्रत्येक बिंदूवर एक फलन ठेवायचं: अंतराचा वर्ग अधिक ‘सी’चा वर्ग, आणि त्या बेरजेचं वर्गमूळ. हीच मल्टिक्वाड्रिक, तुझ्या रेडियल बेसिस फंक्शनांपैकी एक. अशा फलनांची योग्य प्रमाणात बेरीज केली की टेकडीचा पृष्ठभाग उभा राहतो. बिंदू वेगवेगळे असले की ही प्रमाणं निघतातच, हे चार्ल्स मिकेली यांनी १९८६ मध्ये सिद्ध केलं. पंधरा वर्षं लोक सिद्धतेवाचून ती वापरत होते, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही.

१९९० मध्ये एडवर्ड कान्सा यांनी हीच फलनं थेट अवकल समीकरणात घातली. तू करते आहेस ते हेच. पण मिकेलींची हमी इथे चालत नाही. बिंदूंच्या काही विरळा मांडण्यांत ही प्रमाणं काढायचं कान्सांचं मॅट्रिक्स चक्क अडतं, हे होन आणि शाबाक यांनी २००१ मध्ये दाखवलं. म्हणून पडताळणी तुलाच करावी लागेल.

आता सी, म्हणजेच तुझा शेप पॅरामीटर. तो वाढवला की फलन सपाट होतं आणि उत्तर बहुधा अधिक अचूक येतं. पण मॅट्रिक्सच्या ओळी एकमेकींसारख्या दिसू लागतात, कंडिशन नंबर, म्हणजे आकडेमोडीतली चूक किती पटींनी फुगू शकते ते सांगणारा आकडा, भराभर चढतो. संगणक जेमतेम सोळा अंक सांभाळतो. कंडिशन नंबर दहाच्या सोळाव्या घातापर्यंत गेला की त्या सोळांतला एकही अंक भरवशाचा उरत नाही, तरी रंगीत चित्र गुळगुळीतच येऊ शकतं. या चित्राची मला सर्वांत जास्त भीती वाटते, कारण पाहणारा त्यावर विश्वास ठेवतो. ०.८ हा आकडा तुझ्या बिंदूंच्या अंतरांत बसला असेलही. पण बिंदू बदलले, एकक मिलिमीटरवरून मीटरवर गेलं, की त्याला काही अर्थ राहत नाही.

आधी साधी चकती घे. आतल्या आणि बाहेरच्या कडेचं तापमान ठरवून दे, उष्णता स्थिर होऊ दे. मधलं तापमान त्रिज्येच्या लॉगॅरिदमप्रमाणे बदलतं, हे तुला माहीत आहे. सी हळूहळू वाढवत चूक आणि कंडिशन नंबर शेजारी शेजारी लिही. मग खऱ्या डिस्कवर, नोड (म्हणजे आपले बिंदू) नसलेल्या जागी समीकरण किती पाळलं जातं ते तपास. कडेला, पॅड घासतो तिथे, विशेष बघ. या पद्धतीची चूक बहुतेक वेळा तिथेच साचते.

नोड दहा हजारांवर नेणार असशील तर थांब. पूर्ण मॅट्रिक्सला सुमारे ८०० मेगाबाइट स्मृती लागेल आणि सोडवायला वेळही भरपूर. त्यापेक्षा प्रत्येक नोडला जवळच्या वीस-तीस शेजाऱ्यांशीच बांधणारी पद्धत वाच.

मार्गदर्शकांना मसुदा देण्याआधी सीचा तक्ता मला पाठव. ज्या ओळीत चूक पुन्हा वाढू लागते, ती ओळ गाळू नकोस.

तुझा मामा