प्रॅक्टिकल नंबर १३ : रात्रीचं जेवण

आपल्या जर्नलमध्ये साधारण दहा-बारा प्रॅक्टिकल्स असतात. त्यांचं सबमिशन होतं, व्हायवा होते आणि मग ती फाईल माळ्यावर जाते. आज मी जे प्रॅक्टिकल लिहिणार आहे त्याला टर्मवर्कचे मार्क नाहीत आणि एक्स्टर्नलही येत नाही. पण घरापासून लांब रूम करून राहणाऱ्या प्रत्येकाला ते रोज रात्री आठ वाजता द्यावं लागतं. विषय आहे, 'आज जेवायला काय?'

माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. 'प्रथिने' म्हणजे प्रोटीन हे मी कॉलेजला आल्यावर शिकले, त्यामुळे या लेखात थोडी खिचडी भाषेचीही होणार. सांभाळून घ्या!

विषय साधा वाटतो, पण लिहायला कारण घडलं. आम्ही पुण्यात चौघी एका फ्लॅटवर राहतो : मी नाशिकची, एक कोल्हापूरची, एक जळगावची आणि एक गुजराती, भूजची. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये आमची जळगावची मैत्रीण प्रॅक्टिकल चालू असताना चक्कर येऊन पडली. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८.७. बायकांमध्ये ते १२ च्या खाली गेलं की ॲनिमिया समजतात (पुरुषांमध्ये १३). डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या आणि एकच प्रश्न विचारला, "रात्री काय जेवतेस?" तिने खरं उत्तर दिलं : चहा-बिस्किटं, नाहीतर दोन मिनिटांच्या नूडल्स, आणि रविवारी मेसला संध्याकाळची सुट्टी म्हणून काहीच नाही. आम्ही तिघी शेजारी उभ्या होतो. आमचंही उत्तर फार वेगळं नव्हतं.

आणि ही फक्त आमच्या फ्लॅटची गोष्ट नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात भारतातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना ॲनिमिया आढळला होता. म्हणजे आपल्या गर्ल्स हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये चाललात तर काय चित्र असेल याचा अंदाज करा. तर आता जर्नलच्या पद्धतीने सुरुवात करू.

एम (उद्देश)

सोमवार ते शुक्रवार रात्री, चार माणसांसाठी, अर्ध्या-पाऊण तासात, पोटभर आणि प्रोटीन असलेलं जेवण बनवणे.

अ‍ॅपरेटस

पाच लिटरचा कुकर, एक लोखंडी कढई, एक तवा, पोळपाट-लाटणं, एक वाटी (हे आपलं मेजरिंग इन्स्ट्रुमेंट, ती बदलायची नाही), सुरी, विळी असल्यास उत्तम, आणि गॅसची एक शेगडी. लोखंडी कढई मुद्दाम लिहिली आहे. तिच्यात शिजवलेल्या पदार्थात, विशेषतः टोमॅटोसारखं आंबट काही असेल तर, थोडं लोह उतरतं. फक्त पदार्थ झाला की लगेच दुसऱ्या भांड्यात काढायचा आणि कढई धुऊन पुसून ठेवायची, नाहीतर गंज चढतो.

थिअरी

१) कुकर. याचा मूळ शोध डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने १६७९ मध्ये लावला. तत्त्व आपण थर्मोडायनॅमिक्समध्ये शिकलोच आहोत : दाब वाढला की पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे, म्हणून इथे उघड्या पातेल्यात पाणी साधारण ९८ अंशालाच उकळतं. कुकरमध्ये वातावरणाच्या जवळजवळ दुप्पट दाब असतो, त्यामुळे तेच पाणी १२० अंशांपर्यंत जातं आणि डाळ पटकन शिजते. आता महत्त्वाचा मुद्दा. एकदा शिट्टी उचलली गेली की आतला दाब त्या वजनाने ठरतो, तुमच्या गॅसने नाही. गॅस मोठा ठेवला तर आतलं तापमान वाढत नाही, फक्त वाफ बाहेर जाते आणि सिलिंडर लवकर संपतो. म्हणून पहिली शिट्टी झाली की गॅस बारीक करायचा आणि पुढे शिट्ट्यांऐवजी मिनिटं मोजायची. अर्धा तास भिजवलेल्या तुरीच्या डाळीला आमच्याकडे बारीक गॅसवर दहा मिनिटं पुरतात.

२) आंबट नंतर. आमसूल, चिंच, टोमॅटो हे डाळ शिजल्यावरच घालायचं. डाळीच्या पेशी पेक्टिनने एकमेकींना चिकटलेल्या असतात आणि आम्ल असलं की ते पेक्टिन लवकर सुटत नाही. मग डाळ कितीही शिट्ट्या केल्या तरी टचटचीत राहते.

३) फोडणी. तेल पाण्यापेक्षा खूप जास्त तापतं. मोहरी त्यात पडली की तिच्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि ती तडतडते. म्हणजे मोहरी हे आपलं थर्मामीटर! ती तडतडली की क्रमाने जिरं, हिंग, कढीपत्ता, मिरची. हळद शेवटी, कारण पूड लगेच जळते. मसाल्यांचे वास बरेचसे तेलात विरघळणारे असतात, म्हणून तीच हळद-हिंग नुसती पाण्यात टाकली तर तो स्वाद येत नाही.

४) डाळ आणि तांदूळ एकत्र का? तांदूळ-गव्हात लायसीन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं, ते डाळीत भरपूर असतं. डाळीत मिथिओनिन कमी असतं, ते तांदळात असतं. दोघांची जोडी जमली की प्रोटीन पूर्ण होतं. आपल्या आज्या-पणज्यांनी हे अमिनो आम्लांचं नाव न घेता करून ठेवलंय.

थोडं कॅलक्युलेशन करू. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ माणसाला दिवसाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रोटीन लागतं. ५० किलोच्या मुलीला झालं सुमारे ४२ ग्रॅम. मुगाच्या डाळीत १०० ग्रॅमला साधारण २४ ग्रॅम प्रोटीन असतं. एकीच्या वाट्याला खिचडीत ३७ ग्रॅम डाळ आणि ७५ ग्रॅम तांदूळ आले तर १४-१५ ग्रॅम प्रोटीन मिळतं, म्हणजे दिवसाचा एक तृतीयांश हिस्सा. चहा-बिस्किटांनी हे गणित करून बघा, मग कळेल!

प्रोसिजर (टाइमटेबल)

सोमवार : मुगाच्या डाळीची खिचडी. दोन वाट्या तांदूळ, एक वाटी मुगाची डाळ, धुऊन घ्यायची. कुकरमध्येच फोडणी करून त्यात कांदा, असेल ती भाजी, डाळ-तांदूळ परतायचे. पातळ हवी तर नऊ वाट्या पाणी, मोकळी हवी तर सहा. वरून तूप, लिंबू, भाजलेला पापड. दमून आल्यावर याच्यासारखं दुसरं काही नाही.

मंगळवार : पिठलं-भात. दीड वाटी बेसन आधी थंड पाण्यात कालवायचं, मगच फोडणीतल्या उकळत्या पाण्यात ओतायचं. एकूण पाणी साडेचार वाट्या. कोरडं पीठ थेट गरम पाण्यात टाकलं की गुठळीच्या बाहेरचा थर लगेच चिकट होतो आणि आत पाणी जात नाही, म्हणून गुठळ्या होतात. लसूण आणि हिरव्या मिरचीत कंजुषी नको. झाकण ठेवून वाफ आणायची.

बुधवार : मटकीची उसळ आणि पोळी. याची तयारी मंगळवारी सकाळपासून. कॉलेजला निघताना मटकी भिजत घालायची, रात्री उपसून ओल्या फडक्यात बांधायची. बुधवारी संध्याकाळपर्यंत मोड येतात (थंडीत थोडा जास्त वेळ). मोड आले की 'सी' जीवनसत्त्व वाढतं, पण शिजवताना त्यातलं बरंचसं जातं, म्हणून ताटात लिंबाची फोड हवीच. कोल्हापूरकर मैत्रीण यात घरचा कांदा-लसूण मसाला घालते आणि बाकीच्या तिघी पाण्याचा तांब्या जवळ घेऊन बसतो. पोळ्या आम्ही कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आणतो. त्यात लाज कसली? रोज सोळा पोळ्या लाटत बसलो तर अभ्यास कधी करणार?

गुरुवार : वरणफळं. तुरीच्या डाळीची आमटी करायची : गूळ, आमसूल, गोडा मसाला. कणकेची पोळी लाटून शंकरपाळ्यासारखे तुकडे कापायचे आणि आमटीला खळखळून उकळी आली की एकेक सोडायचे. एकदम टाकले तर एकमेकांना चिकटतात. आठ-दहा मिनिटं उकळलं की झालं. कोल्हापूरची म्हणते या चकोल्या, भूजची म्हणते ही दाळ ढोकळी. वाद अजून चालू आहे, पण पातेलं मात्र रिकामं होतं.

शुक्रवार : अंडा भुर्जी आणि पोळी. लोखंडी कढईत कांदा, टोमॅटो, मिरची, माणशी दोन अंडी. भूजची मैत्रीण अंडं खात नाही, तिच्यासाठी बेसनाचं टोमॅटो ऑम्लेट. (नावात ऑम्लेट आहे, अंडं नाही. हे तिला पटवायला एक महिना लागला.)

सोबत रोज काहीतरी कच्चं : काकडी, टोमॅटो, गाजर, जे स्वस्त असेल ते. आठवड्यातून एक-दोनदा पालेभाजीची जुडी आणून खिचडीत किंवा आमटीत चिरून टाकायची. वेगळी भाजी करण्याचा वेळ वाचतो.

किराण्याची यादी

चौघींसाठी, चार आठवड्यांच्या वीस जेवणांना : तांदूळ अडीच किलो, मुगाची डाळ ६०० ग्रॅम, तुरीची डाळ पाऊण किलो, बेसन एक किलो, मटकी एक किलो, कणीक दीड किलो, शेंगदाणे अर्धा किलो, गूळ अर्धा किलो, तेल एक लिटर. मोहरी, जिरं, हिंग, हळद, तिखट, गोडा मसाला, आमसूल, मीठ. अंडी, कांदे, बटाटे, लसूण, मिरच्या, कोथिंबीर आणि लिंबं दर आठवड्याला. शेंगदाणे आणल्याबरोबर भाजून कूट करून डब्यात भरायचा, तो कुठल्याही बेचव भाजीला वाचवतो.

हे सगळं, पोळ्या आणि भाज्या धरून, चौघींत भागलं की महिन्याचा एकीचा वाटा ॲपवरून तीन-चार पार्सलं मागवण्याइतका पडतो. आणि तो वीस जेवणांना पुरतो! यादी दरवाजाच्या मागे चिकटवा. वस्तू संपल्यावर नाही, संपत आली की लिहा.

प्रिकॉशन्स

१) डाळ-खिचडीसाठी कुकर निम्म्यापेक्षा जास्त भरू नका, फेस वर येऊन वाफेची नळी बुजते. लावण्याआधी नळीतून आरपार उजेड दिसतो का बघा. वाफ पूर्ण जिरल्याशिवाय झाकणाला हात नाही.

२) उरलेला भात रात्रभर ओट्यावर ठेवू नका. तांदळात बॅसिलस सिरिअस या जंतूचे बीजाणू असू शकतात, ते शिजवल्यावरही टिकतात. भात उबदार राहिला की ते वाढून विष तयार करतात आणि ते विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. म्हणून जेवण झालं की भात पसरून थंड करा, तासाभरात फ्रीजमध्ये टाका आणि सकाळी खुशाल फोडणीचा भात करा. फ्रीज नसेल तर मोजकाच लावा.

३) जेवणासोबत किंवा लगेच नंतर चहा नको. चहातल्या टॅनिनमुळे डाळी-भाज्यांमधलं लोह नीट शोषलं जात नाही, लिंबू मात्र मदत करतं. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा. आयसीएमआरच्या शिफारशीनुसार पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं आणि बाईला २९, त्यामुळे मुलींनी तर हे भिंतीवर लिहून ठेवावं.

४) स्वयंपाकाची पाळी लावा. एकीने करायचं, दुसरीने चिरायचं, तिसरीने भांडी, चौथीने किराणा. 'ज्याला येतं तोच करेल' हा नियम केला की महिन्याभरात भांडण होतं. मुलांच्या रूमवरही हेच लागू आहे. तिथे तर कुकर हा शब्द ऐकून आईला फोन लावणारे वीर मी पाहिले आहेत!

ऑब्झर्वेशन

तीन महिन्यांनी जळगावच्या मैत्रिणीचं हिमोग्लोबिन ११.४ आलं. याचं मुख्य श्रेय डॉक्टरांच्या गोळ्यांना, हे स्पष्ट लिहिते. इतकी कमतरता नुसत्या जेवणाने भरून येत नाही, तपासणी आणि औषध लागतंच. पण गोळ्यांचा कोर्स संपल्यावर जे टिकवायचं असतं ते ताटातून येतं, असं डॉक्टरांनीच सांगितलं. आणखी एक निरीक्षण : आठ वाजता ओट्याशी चौघी उभ्या असतो, तेव्हा कोणाचा पेपर वाईट गेला, कोणाला घरची आठवण येतेय, हे आपोआप कळतं. एरवी चार दारांच्या आड चार मोबाईल असतात.

व्हायवाचे प्रश्न

१. कुकरची शिट्टी सुरू झाल्यावर गॅस मोठा ठेवल्यास डाळ लवकर शिजेल का? कारण द्या.
२. आमसूल आमटीत कधी घालाल?
३. नुसता भात आणि खिचडी यांत प्रोटीनच्या दृष्टीने काय फरक आहे?
४. तुमची रूममेट काल रात्री काय जेवली? (उत्तर माहीत नसेल तर अंक बाजूला ठेवा आणि आधी तिला विचारून या.)