पारख

सांगली जिल्ह्यातील आटपाडी तालुका हा कमी पावसाचा प्रदेश. तेथील माणसाला पाण्याचे आणि पैशाचे मोल निराळे शिकवावे लागत नाही. याच तालुक्यात खरसुंडी गावी सिद्धनाथाची यात्रा भरते आणि त्या यात्रेत खिलार जनावरांचा मोठा बाजार असतो. पंचक्रोशीत कोणालाही बैल घ्यावयाचा असला, म्हणजे तो आधी आबांच्या अंगणात येई आणि म्हणे, "आबा, तेवढे बाजारापर्यंत चला." आबांनी एखाद्या बैलाच्या पाठीवर थाप मारून होकार दिला, की मग त्या बैलाची दुसरी परीक्षा करण्याचे कारण उरत नसे.

अशा आबांच्या घरी यंदा एक वेगळीच खरेदी निघाली. शंकरच्या वडिलांचा, म्हणजे अण्णांचा, जुना फोन बंद पडला होता. डाळिंबाच्या बागेचे चार पैसे हाती आले होते. त्यांतून चौदा हजार रुपये त्यांनी नव्या फोनासाठी बाजूला काढले. उरलेला पैसा खतासाठी, औषधांसाठी आणि पुढच्या उन्हाळ्यात पाण्याचा टँकर मागवावा लागला तर त्यासाठी होता. त्याला हात लावायचा नाही, हे घरात सर्वांना ठाऊक होते.

आठवीत शिकणाऱ्या शंकरने मात्र आपल्या मनाशी फोन केव्हाच ठरवून टाकला होता. त्याला मागच्या बाजूस चार कॅमेरे होते, पाठ मोरपिसासारखी चमकत होती आणि जाहिरातीतला नट तो फोन हातात धरून डोंगरावरून उडी मारीत होता. किंमत होती एकवीस हजार. त्याची थोरली बहीण सुमित्रा अकरावीत शास्त्रशाखेला होती. तिला वाटे की, फोनाऐवजी टॅबलेट घ्यावा. मोठ्या पडद्यावर पुस्तके चांगली वाचता येतील. आई एवढेच म्हणाली, "माहेरचा फोन आला, तर बोलणे नीट ऐकू यावे. मला दुसरे काही नको."

रात्री जेवणे झाल्यावर आबांनी शंकरला जवळ बोलावले.

"शंकर, बैल घेताना पहिला प्रश्न कोणता विचारतात?"

"किंमत किती?"

"चूक. पहिला प्रश्न बैलाला नाही, मालकाला नाही, स्वतःला विचारायचा. मला बैल कशासाठी हवा? नांगराला हवा, की गाडीला? ते न ठरविता जो बाजारात जातो, तो शिंगांचा रंग पाहून परत येतो. वही घे आणि घरातल्या प्रत्येकाचे काम लिही."

शंकरने वही घेतली. अण्णांना बाजारभाव आणि हवामान पाहावयाचे होते, शेतातून बोलावयाचे होते. सुमित्राला धडे वाचावयाचे होते. आईला आवाज स्पष्ट हवा होता. फोन दिवसभर शेतात राहणार, म्हणून त्याची बॅटरी मोठी हवी होती. शेवटी शंकरने स्वतःचे नाव लिहिले आणि तो थांबला. 'खेळ' हा शब्द त्याने लिहिला, खोडला आणि पुन्हा लिहिला. आबा हसले. "असू दे. खेळणेही कामच आहे. पण ते यादीत शेवटी असावे."

टॅबलेटाचा प्रश्न या यादीनेच सोडविला. टॅबलेटाचा पडदा मोठा खरा. परंतु पुष्कळ टॅबलेटांत सिम कार्ड घालण्याची सोयच नसते, ते केवळ वायफायवर चालतात, आणि घरात तर वायफाय नव्हते. शिवाय तो सदऱ्याच्या खिशात मावत नाही. "मग मोठ्या पडद्याचा फोन घेऊ," असे सुमित्रा आपण होऊन म्हणाली.

दुसऱ्या दिवशी आबा, अण्णा आणि दोन्ही मुले आटपाडीस गेली. दुकानात शंकरची नजर प्रथम त्या मोरपिशी फोनावरच गेली. ती नजर दुकानातल्या तरुण विक्रेत्याने बरोबर हेरली. तो नम्रपणे म्हणाला, "आजोबा, किमतीची काळजी नको. आज फक्त सहा हजार द्या. पुढे महिन्याला फक्त एक हजार चारशे पन्नास, बारा महिने. कागदपत्रांचे सहाशे, बस्स."

अण्णा क्षणभर घुटमळले. सहा हजार तर खिशात होतेच. मुलाचा चेहरा फुललेला दिसत होता. आबा काहीच बोलले नाहीत. त्यांनी वही शंकरपुढे सरकविली. "तूच हिशेब कर."

शंकरने आकडे मांडले. बारा हप्त्यांचे १७,४०० रुपये. त्यांत आजचे ६,००० मिळविले, म्हणजे २३,४००. कागदपत्रांचे ६०० धरून एकूण २४,००० रुपये. एकवीस हजारांचा फोन चोवीस हजारांना पडत होता. 'फक्त' या दोन अक्षरी शब्दाने तीन हजार रुपये झाकून ठेवले होते.

"आणि डाळिंबाचे पैसे महिन्याला येतात का रे?" आबांनी विचारले.

शंकरने मान हलविली. डाळिंबाचे पैसे वर्षातून एकदा येतात. हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा राहतो. ऐन उन्हाळ्यात पाण्याच्या टँकरचा पैसा हप्त्यात गेला, तर बागेचे काय होईल, हे त्याला कोणी सांगावे लागले नाही. त्याने मोरपिशी फोन हलकेच काचेवर ठेवला आणि म्हटले, "चौदा हजारांच्या आतले दाखवा."

विक्रेत्याने चार फोन मांडले. आता आबांचा प्रश्न आला, "याचे दात कसे पाहायचे?"

विक्रेता गोंधळला; परंतु सुमित्रा समजली. बैल आदत आहे, दोन दाती आहे की जुळलेला आहे, हे दातांवरून कळते. तसे फोनाचे वय कशावरून ओळखावे, असे आबांना विचारायचे होते. तिने पेटी उलटी करून तिच्यावर छापलेला उत्पादनाचा महिना दाखविला. पण तेवढ्याने भागत नाही. फोनाच्या आत जी कार्यप्रणाली असते, तिच्यातील दोष चोरांना वेळोवेळी सापडतात आणि कंपनी ते दोष बुजविणारी दुरुस्ती पाठविते. ही सुरक्षेची दुरुस्ती किती वर्षे मिळणार, यावर फोनाचे खरे आयुष्य अवलंबून असते. चारांपैकी एक फोन स्वस्त होता, पण तो जुना होता आणि त्याची दुरुस्ती लवकरच थांबणार होती. "हा म्हातारा बैल," आबा म्हणाले, आणि तो बाजूला झाला.

दुसऱ्या फोनात साठवणीची जागा ६४ जीबी होती. सुमित्राने विचारले, "यातली मोकळी किती?" विक्रेत्याने फोन चालू करून दाखविला. बराचसा भाग कार्यप्रणालीने आणि आधीच भरलेल्या ॲपांनी व्यापलेला होता. पेटीवर लिहिलेली जागा आणि प्रत्यक्ष वापरता येणारी जागा यांत अंतर असते, हे शंकरला प्रथमच कळले.

उरलेल्या दोघांना आबांनी 'चालवून' पाहिले. एक फोन अण्णांच्या हातात दिला. अण्णांनी तो दुकानाबाहेर उन्हात नेला. पडद्यावरील अक्षरे दिसेनाशी झाली. दुसऱ्याची अक्षरे उन्हातही स्पष्ट दिसत होती. त्यावरून आईशी बोलून पाहिले. आवाज खणखणीत होता. त्याची बॅटरी ५००० एमएएचची होती, साठवण १२८ जीबी होती. कॅमेरे दोनच होते. किंमत होती तेरा हजार दोनशे.

"चांगल्या फोटोसाठी चार डोळे लागत नाहीत," सुमित्रा शंकरच्या कानात म्हणाली. "एक डोळा चांगला असला तरी पुरे."

भाव ठरविताना आबांना जुने दिवस आठवले. बैलबाजारात रुमालाखाली हात घालून, बोटे धरून सौदा होई. शेजाऱ्याला भाव कळत नसे. येथे मात्र पेटीवर सर्व करांसह कमाल किंमत छापलेली होती. त्या किमतीहून एक पैसाही अधिक मागण्याचा अधिकार दुकानदाराला नाही. कमी मागण्यास मात्र कोणाची हरकत नाही. अण्णांनी थोडी घासाघीस केली आणि तेरा हजारांवर सौदा ठरला.

"आता कानातला बिल्ला पाहा," आबा म्हणाले. त्यांच्या बैलांच्या कानात बारा अंकांचा पिवळा बिल्ला होता. प्रत्येक फोनालाही असाच स्वतःचा पंधरा अंकी क्रमांक असतो. त्यास आयएमईआय म्हणतात. फोनावर *#०६# ही कळ दाबली, की तो पडद्यावर उमटतो. सुमित्राने पडद्यावरचा, पेटीवरचा आणि पावतीवरचा क्रमांक जुळवून पाहिला. २०२३ साली सुरू झालेल्या 'संचार साथी' या शासकीय संकेतस्थळावर हा क्रमांक घातला, म्हणजे फोन अस्सल आहे की नाही, हे तपासता येते. फोन हरवला, तर याच क्रमांकाच्या आधारे तो बंदही करविता येतो.

अण्णांनी पक्की पावती घेतली. परतताना एस.टी.त सुमित्राने शंकरला पावतीचे महत्त्व सांगितले. पावती नसेल, तर तक्रारीला पाय उरत नाहीत. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली. पुढे १९८६ साली देशात ग्राहक संरक्षण कायदा झाला. त्याच्या जागी २०१९ साली नवा कायदा आला व तो २० जुलै २०२० पासून अमलात आला. माल सदोष निघाला आणि विक्रेत्याने दाद दिली नाही, तर १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्राकडे तक्रार करता येते.

घरी आल्यावर अण्णांनी प्रथम 'दामिनी' हे ॲप फोनात घेतले. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले हे ॲप आसपास वीज पडण्याचा धोका असल्यास सूचना देते. ते चालू होताच पडद्यावर प्रश्न आला : 'आपण कोठे आहात, हे जाणून घेण्याची परवानगी द्यावी काय?' शंकर दचकला. "याला कशाला हवा आपला ठावठिकाणा?"

"तू कोठे आहेस, हे ठाऊक नसेल, तर तुझ्याजवळ वीज पडणार आहे, हे ते कसे सांगेल?" सुमित्रा म्हणाली. "जे काम आपण सांगितले, त्यासाठी जे लागते, ते द्यावे. त्याहून अधिक मागितले, तर विचार करावा." शंकरला ते पटले.

चार दिवस गेले. एका रात्री गोठ्यात गाय व्यायला झाली होती. वीज गेलेली. आबा नवा फोन घेऊन निघाले. शेजाऱ्याने त्यांना सांगितले होते की, विजेरीचे एक ॲप अगदी फुकट मिळते आणि हजारोंनी त्यास पाच तारे दिले आहेत. आबांनी ते ॲप उतरवून घेतले. पडद्यावर एकामागून एक प्रश्न येऊ लागले. आबांना घाई होती. 'मान्य' या अक्षरांवर त्यांचे बोट टेकणार, इतक्यात शंकर म्हणाला, "आबा, थांबा. या बैलाचे दात पाहिलेत का?"

आबांचे बोट थांबले.

शंकरने मोठ्याने वाचले. विजेरी लावण्यासाठी त्या ॲपास घरातल्या सर्वांचे फोन क्रमांक हवे होते, ठावठिकाणा हवा होता, फोटोही हवे होते. "उजेड पाडायला आईच्या माहेरचा क्रमांक कशाला लागतो?" तो म्हणाला.

सुमित्रा कंदील घेऊन मागोमाग आली होती. ती म्हणाली, "२०१३ साली अमेरिकेत असाच प्रकार उघडकीस आला. लक्षावधी लोकांनी फुकट घेतलेले विजेरीचे एक ॲप त्यांचा ठावठिकाणा गुपचूप जाहिरातदारांच्या हाती देत होते. तेथील फेडरल ट्रेड कमिशनने त्या ॲपच्या मालकावर कारवाई केली."

"मग फुकट कसले?" आबा म्हणाले. "पैशाऐवजी घरची माहिती मोजून घेतात, एवढेच."

शंकरने ते ॲप काढून टाकले. मग फोनाच्या पडद्यावर वरून खाली बोट ओढून त्याने एक खूण दाबली. फोनाच्या पाठीमागून स्वच्छ उजेड पडला. विजेरी फोनात आधीपासूनच होती.

त्या उजेडात गोठ्यात पांढरेशुभ्र वासरू उभे राहण्याची धडपड करताना दिसले. आबांनी सवयीने त्याच्या पाठीवर हात फिरविला. मग तोच हात त्यांनी शंकरच्या पाठीवर ठेवला आणि एक थाप मारली. सबंध पंचक्रोशीला त्या थापेचा अर्थ ठाऊक होता. त्या रात्री तो शंकरलाही कळला.

शब्दार्थ
पंचक्रोशी – आसपासच्या पाच कोसांचा परिसर
आदत – कायमचे दात न आलेले तरुण जनावर
जुळलेला – सर्व कायमचे दात आलेला (बैल)
घासाघीस – भाव कमी करण्यासाठी केलेली बोलाचाली
विजेरी – बॅटरीवर चालणारा हातातील दिवा

स्वाध्याय
१. बैल घेताना पहिला प्रश्न स्वतःला विचारावा, असे आबा का म्हणाले?
२. "'फक्त' या दोन अक्षरी शब्दाने तीन हजार रुपये झाकून ठेवले होते." शंकरने केलेला हिशेब मांडून या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. 'दामिनी' ॲपास परवानगी दिली. विजेरीच्या ॲपास दिली नाही. असे का?
४. बैलाची पारख आणि फोनाची पारख यांतील साम्य दाखविणाऱ्या चार गोष्टी लिहा.
५. पुढील शब्दांचा वाक्यांत उपयोग करा : घुटमळणे, हेरणे, दाद देणे.
६. घरातील फोनावरच्या कोणत्याही तीन ॲपांनी कोणकोणत्या परवानग्या घेतल्या आहेत, ते वडीलधाऱ्यांच्या सोबतीने पाहा. त्यांतील कोणत्या आवश्यक आहेत व कोणत्या नाहीत, ते कारणांसह वहीत लिहा.