प्रवरेकाठचा कारखाना

लोणी हे पूर्वीच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील, प्रवरा नदीच्या खोऱ्यातले एक गाव. १९२६ साली भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले आणि प्रवरेच्या पाटांना भरवशाचे पाणी मिळू लागले. जेथे केवळ बाजरी पिके, तेथे ऊस डोलू लागला. आता दारिद्र्य जाईल, असे लोकांस वाटले.

परंतु दारिद्र्य गेले नाही. उसाला खत हवे, बेणे हवे, मजुरी हवी; त्यासाठी शेतकरी सावकारापुढे हात पसरी. रात्रंदिवस गुऱ्हाळ चाले, काहिलीत रस उकळे आणि गुळाच्या ढेपा पेठेत जात. तेथे भाव पडला, की वर्षाची मेहनत व्याजातच बुडे. पाटात पाणी, शेतात ऊस आणि घरात कर्ज, अशी ती विपरीत स्थिती होती.

या कोड्याचे उत्तर लोणीचे शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील यांनी शोधले. एकटा शेतकरी दुबळा खरा. पण सर्वांनी थोडेथोडे भांडवल घालून स्वतःचाच साखर कारखाना काढला तर? हा विचार घेऊन ते गावोगाव हिंडले. 'पैसा बुडाला तर?' ही शंका घरोघरी होती. कर्जाने वाकलेल्या माणसांची ती शंका चुकीची नव्हती. तरीही एकेक जण पुढे आला. थोर अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी अध्यक्षपद स्वीकारले. आणि १९५०–५१ च्या हंगामात महाराष्ट्रातील या पहिल्या सहकारी साखर कारखान्याचे धुराडे धूर सोडू लागले. शेत मोठे असो वा लहान, सभासदास मत एकच. पुढे कारखान्यामागोमाग परिसरात शाळा, महाविद्यालये आणि रुग्णालयही आले.

तथापि साखरेच्या या गोडीस एक कडू बाजू आहे. हंगाम आला, की बीडसारख्या कोरड्या भागांतून ऊसतोड मजूर राज्यातील कारखान्यांकडे निघतात. ते कोप्यांत राहतात आणि पहाटेपासून कोयता चालवितात. त्यांच्याबरोबर आलेल्या मुलांची शाळा मात्र मागे गावीच राहते. अशा मुलांसाठी काही ठिकाणी साखरशाळा निघाल्या. परंतु त्या सर्वांपर्यंत पोचल्या नाहीत.

मुलांनो, पाण्याने ऊस वाढला. माणसे उभी राहिली ती एकमेकांवरील विश्वासाने. तो विश्वास कोपीतल्या मुलापर्यंत पोचेल, तेव्हाच प्रवरेकाठी आरंभिलेले कार्य पुरे झाले, असे म्हणता येईल.