पेलेट भट्टीचं इंधन : किलोचा भाव नाही, घाण्याचा भाव काढा

व्हिडिओत भट्टीच्या फॅनच्या आवाजात इंधनाचा भाग घाईत उरकला होता. तो इथे नीट घेऊ, कारण मे महिना आलाय आणि गणपती-दिवाळीचा माल ज्यावर तळायचा, ते इंधन आपल्यापैकी बरेच जण आत्ताच भरतात. चुकीचा माल भरला तर तो चार महिने गाळ्यात पडून राहतो, आणि भांडवलही त्याच्याबरोबर पडून राहतं.

आधी एक हिशेब. १९ किलोच्या व्यावसायिक सिलिंडरमध्ये जेवढी उष्णता असते, तेवढी मिळवायला चांगले पेलेट कागदावर साधारण ५५ किलो लागतात. प्रत्यक्षात जास्तच, कारण पेलेट भट्टीची बरीच उष्णता चिमणीतून निघून जाते. म्हणून विक्रेता "गॅसपेक्षा अर्ध्या खर्चात" म्हणाला की मान डोलवू नका. आपल्या कढईवर मोजा.

मोजायचं कसं? समजा लाकडाच्या भुशाचे पेलेट १२ रुपये किलो आणि भाताच्या तुसाचे साडेनऊ रुपये किलो. दहा किलो शेव काढायला पहिल्याचे ६ किलो लागले, म्हणजे ७२ रुपये. तुसात उष्णता कमी, म्हणून दुसऱ्याचे ८ किलो लागले, म्हणजे ७६ रुपये. स्वस्त माल महाग पडला! शिवाय राख वेगळीच. स्वच्छ भुशाच्या शंभर किलोमागे किलो-तीन किलो राख निघते, तुसाच्या शंभर किलोमागे १५ ते २० किलो. ती मध्येच भट्टी थांबवून काढावी लागते, आणि तेवढ्यात तेलाचं तापमान उतरतं. शेव तेल पिते ती तेव्हाच. हा खर्च कुठल्याच कोटेशनमध्ये नसतो.

त्यामुळे टनाची ऑर्डर देण्याआधी दोन पोती विकत घ्या. फुकटचं सॅम्पल नको, ते निवडून दिलेलं असतं. एक पोतं ओतून चाळा आणि चुरा वजन करा. ४० किलोत किलोभर चुरा निघाला तर मी तो माल घेत नाही. चुऱ्याने हवेची भोकं बुजतात आणि धूर होतो. मग दोन-चार पेलेट पाण्याच्या ग्लासात टाका. घट्ट दाबलेला पेलेट लगेच तळाला जातो, सैल दाबलेला तरंगतो.

ओलावा तपासायला १०० ग्रॅम पेलेट कुटून, ओव्हनमध्ये १०५ अंशांवर, वजन उतरायचं थांबेपर्यंत ठेवा. ९२ ग्रॅम उरले तर ओलावा ८ टक्के. दहाच्या वर गेला तर सरळ नाही म्हणा, कारण पाण्याचे पैसे आपण भुशाच्या भावाने देतोय.

राखेत काचेसारखे कडक खडे सापडले तर कच्च्या मालात माती-वाळू आहे, किंवा शेतातल्या काडी-कचऱ्याचं प्रमाण जास्त आहे. खडे जाळीला चिकटतात, मग छिन्नी घेऊन बसा.

आणि हे मात्र पक्कं विचारा : भुसा कुठला? प्लायवूड किंवा एमडीएफच्या कारखान्यातला असेल तर त्यात गोंद-रसायन असतं. खाण्याच्या धंद्यात तो नकोच, कितीही स्वस्त असला तरी. "स्वच्छ लाकडाचा भुसा, ओलावा १० टक्क्यांच्या आत, नाहीतर माल परत" एवढं बिलावर लिहून घ्या. जो लिहून द्यायला कां-कू करतो, त्याच्याकडून मी तरी घेत नाही.

आता साठवण. पेलेट म्हणजे नुसता दाबलेला भुसा. एकदा पाणी लागलं की फुगून परत भुसा होतो. वाळवून पुन्हा पेलेट होत नाही. पोती फरशीवर नकोत, लाकडी पॅलेटवर ठेवा. भिंतीपासून वीतभर लांब, कारण पावसाळ्यात भिंत पाझरते. आतून प्लास्टिकचं अस्तर असलेली पोतीच मागा, कोकणात तर त्याशिवाय भागतच नाही. उघडलेलं पोतं झाकणाच्या ड्रममध्ये रिकामं करा. प्रत्येक पोत्यावर खडूने तारीख टाका, जुनं आधी जाळा. भट्टीची ठिणगी आणि गरम राख दोन्हींपासून साठा लांब हवा. राख झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, दुसऱ्या दिवशीच बाहेर.

साठ्याची खोली हवाबंद करू नका. बंद जागेत पेलेटमधून कार्बन मोनॉक्साइड सुटतो, त्याला वास नसतो. युरोपात पेलेटच्या बंद कोठारात उतरलेली माणसं यात दगावली आहेत. आपला साठा छोटा असला तरी वरची खिडकी उघडी ठेवा, फक्त पावसाची झड आत येणार नाही एवढं बघा.

किती भरायचं? रोज २५ किलो लागत असेल तर महिन्याला ७५० किलो, म्हणजे ४० किलोची १९ पोती. माझं मत, दीड महिन्याचा साठा पुरे. उरलेल्याचा भाव आत्ता ठरवून ठेवा, माल हप्त्याने उचला.

राहिला नेहमीचा प्रश्न : मका जाळता येईल का? अमेरिकेत मक्याच्या पट्ट्यात घर गरम करायला वाळवलेले दाणे जाळणाऱ्या शेगड्या आहेत. दाण्यात उष्णता साधारण पेलेटएवढीच. पण २०२५-२६ चा मक्याचा हमीभाव २४०० रुपये क्विंटल, म्हणजे किलोला २४ रुपये. दाणे काढलेली कणसं मात्र कडक वाळवून लाकडाच्या चुलीत चालतात. पेलेट भट्टीच्या हॉपरमध्ये टाकू नका, अडकतात.