पान्हा चोरणारी गाय

पोरी, गाईचं सांगते म्हणून रागावू नकोस. सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारातून आणलेली गाय पहिले दोन-चार दिवस धारेला नीट उभी राहत नाही. गोठा नवा, हात नवा. कास भरलेली असते, पण ती पान्हा चोरते. तुझे आजोबा आधी वासरू लावायचे, पाठीवरून हात फिरवायचे आणि बघ्यांना हुसकून द्यायचे. बाईचंही तसंच. भीती, दुखणं, चारचौघींच्या नजरा यांनी पान्हा अडतो. डॉक्टर म्हणतात, पान्हा सोडवणारं ऑक्सिटोसिन तेव्हा अडतं.

पाचवीला आलेली कुणीतरी ‘पुरतंय का गं याला?’ असं विचारणारच. तुझ्या मामाच्या वेळी मलाही विचारलं. झालं, माझाच धीर सुटला आणि तिथून तिसऱ्या दिवशी पावडरचा डबा आला. डब्यावर गुबगुबीत बाळ. १९९२ च्या कायद्यानं पुढं असली चित्रं बंद झाली. बाटलीनं पोट भरलेलं पोरगं अंगावर कमी ओढायला लागलं, तसं दूध खरंच कमी झालं. वर सगळ्या म्हणाल्या, बघा, आम्ही म्हणत नव्हतो! तुझ्या आईच्या वेळी मी आतून कडीच घातली.

पहिला पिवळा चीक चमचाभरच येतो. लेकराला तेवढा पुरतो. दूध भरायला दोन-तीन दिवस लागतात, सिझर झालं तर जरा जास्त. दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा पाज, रात्रीचं चुकवू नको. पुरतंय की नाही ते लंगोट सांगतात. पाचव्या-सहाव्या दिवसापासून रोज सहा तरी ओले व्हायला हवेत. वजन आधी थोडं उतरतं, दोन आठवड्यांत भरून येतं. आशाताई सातव्या, चौदाव्या दिवशी येते, तेव्हा काट्यावर बघून घे. लेकरू सुस्त पडलं, पिईना झालं, तर माझं ऐकत बसू नको, सरळ दवाखाना गाठ.

अळिवाचे लाडू खा, चवीला चांगले असतात. दूध मात्र लेकराच्या ओढण्यानं वाढतं. आणि आपल्याकडचा उन्हाळा कितीही तापला तरी सहा महिने त्याला पाणी नाही, गुटी नाही. तहान लागली तर तू पी.

आता त्याचं पोट तुझ्या पोटाला लाव. तोंड मोठं उघडू दे. नुसती बोंडी नको, भोवतीचा काळा भागही आत जाऊ दे. हां, अस्सं. गिळल्याचा आवाज येतोय? मी ओसरीवर बसते. कोण आलं तर सांगते, बाळंतीण झोपलीय.