बायपासनंतर श्वासाच्या स्नायूंचा व्यायाम

बायपास शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांना व्यायाम शिकवण्यासाठी मी वारजे-माळवाडी परिसरात घरोघरी जाते. बहुतेक घरांत एक प्रश्न हमखास विचारला जातो : ''हृदय तर दुरुस्त झाले, मग जिना चढताना दम का लागतो?''

याचे एक कारण श्वासाच्या स्नायूंत असते. छाती व पोट यांच्यामध्ये श्वासपटल हा घुमटाकार स्नायू असतो. तो आकुंचन पावून खाली सरकला की फुफ्फुसांत हवा भरते. शस्त्रक्रियेत छातीचे मधले हाड उभे कापून तारांनी पुन्हा जोडतात. भूल, वेदना आणि पडून राहणे यांमुळे श्वास उथळ होतो. टाके उसवतील या भीतीने रुग्ण खोकणेही टाळतो. मग फुफ्फुसांचा खालचा भाग मिटून राहतो, कफ साचतो आणि न्यूमोनियाचा धोका वाढतो.

रुग्णालयातून मिळालेले तीन चेंडूंचे यंत्र यासाठीच असते. पुष्कळ जण त्यात फुंकर मारतात. चेंडू श्वास आत ओढून उचलायचे असतात, हे लक्षात ठेवावे. ताठ बसावे, यंत्र सरळ धरावे, श्वास सोडून नळीभोवती ओठ घट्ट मिटावेत आणि सावकाश श्वास ओढावा. दोन-तीन सेकंद रोखून नळी काढून सोडावा. जागेपणी दर तासाला असे सुमारे दहा श्वास घ्यावेत, मध्ये थांबावे. खोकताना छातीवर उशी दाबून धरावी.

या यंत्राने श्वास खोल होतो. स्नायूंची ताकद वाढवण्यासाठी मात्र वेगळे उपकरण असते. त्यातील स्प्रिंगच्या झडपेविरुद्ध श्वास ओढावा लागतो. दंडासाठी जसे वजन, तशी श्वासासाठी ही झडप. तिचा दाब तज्ज्ञांनी मोजून ठरवावा लागतो.

हा सराव शस्त्रक्रियेपूर्वी सुरू केला तर अधिक चांगले. नेदरलँड्समध्ये बायपासपूर्वी जास्त धोका असलेल्या २७९ रुग्णांचा अभ्यास झाला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. निदान दोन आठवडे, रोज २० मिनिटे सराव केलेल्यांपैकी १८ टक्क्यांना फुफ्फुसांचा त्रास झाला. इतरांत हे प्रमाण ३५ टक्के होते. म्हणून तारीख ठरलेली असेल, तर वाट पाहण्याचे दिवस वाया घालवू नयेत. शस्त्रक्रिया होऊन गेली असली, तरी सर्जनच्या संमतीने नंतरही सराव करता येतो.

चक्कर आली किंवा छातीत दुखले तर लगेच थांबावे. ताप, अचानक वाढलेली धाप, जखमेतून स्राव किंवा हाडात 'कट्' असा आवाज जाणवल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

घरच्यांनी रुग्णाला नुसते ''पडून राहा'' म्हणू नये. डॉक्टरांनी सांगितले तेवढे चालवावे आणि ते यंत्र कपाटात न ठेवता उशाशी ठेवावे.