नाव न मिळालेले वादळ : अंदमानपासून चिटगुप्प्यापर्यंत

‘अंदमान’ हा शब्द मराठी घरात प्रथम कानी पडतो तो काळ्या पाण्याच्या संदर्भात. स्वातंत्र्यवीर सावरकर 1911 ते 1921 अशी दहा वर्षे तेथील सेल्युलर कारागृहात होते, हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. आणि मग ती बेटे आपल्या मनातून मावळतात. चिटगुप्प्यापासून ती सुमारे सतराशे-अठराशे किलोमीटर दूर. मध्ये पूर्व घाट आणि अवघा बंगालचा उपसागर. अशा ठिकाणच्या हवेचा आपल्या रानातील सोयाबीनशी काही संबंध असेल, असे कोणी सांगितले तर सहसा विश्वास बसत नाही. 2020 सालच्या ऑक्टोबरात हा संबंध आपल्या सर्वांच्या प्रत्ययास आला. साथीमुळे शाळा तेव्हा बंद होत्या, म्हणून पुष्कळसे विद्यार्थी घरच्यांबरोबर रानातच होते. त्यांनी तो पाऊस आमच्यापेक्षा जवळून पाहिला असेल.

त्या पावसानंतर एका पालकांनी आम्हांस विचारले, “गुरुजी, ज्या वादळाला साधं नाव बी नव्हतं, त्यानं एवढं नुकसान कसं हो केलं?” प्रश्न मार्मिक होता. त्याचे उत्तर द्यावयाचे तर आरंभ बेटांपासूनच करावा लागेल.

अंदमान व निकोबार ही पाचशेहून अधिक लहानमोठ्या बेटांची रांग आहे. त्यांपैकी मनुष्यवस्ती फारच थोड्यांवर. अंदमान आणि निकोबार या दोन समूहांमध्ये सुमारे दीडशे किलोमीटर रुंदीची सामुद्रधुनी आहे. दहाव्या अक्षांशावर असल्यामुळे तिला त्याच अंशाचे नाव पडले आहे. उत्तर अंदमानातील सॅडल पीक हे सर्वांत उंच शिखर सातशे मीटरांहून थोडे अधिक आहे. आपले बीदरचे पठार सहाशे मीटरांच्या वर आहे, हे ध्यानी घेतले म्हणजे ते शिखर किती, याची कल्पना येईल. एवढ्याशा अरुंद डोंगररांगेने वादळ अडत नाही. उलट पाण्याने भरलेले वारे तिच्यावर चढतात, थंड होतात आणि तेथेच बरसतात. पोर्ट ब्लेअर, ज्याला 2024 पासून श्री विजयपुरम म्हणतात, तेथे वर्षाकाठी सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्या जिल्ह्याच्या तिपटीहून अधिक.

या बेटांच्या आसपासचा समुद्र हे वादळांचे पाळणाघरच होय. वादळ जन्मास येण्यासाठी समुद्राचे पाणी वरच्या थरात सुमारे 26 ते 27 अंश सेल्सियस इतके तरी उबदार असावे लागते. त्यावरची दमट हवा वर चढते, वर गेल्यावर तिच्यातील वाफेचे पाणी होते आणि वाफ होताना घेतलेली उष्णता ती परत सोडते. त्या उष्णतेने हवा आणखी वर जाते, खाली दाब कमी होतो, आणि ती पोकळी भरून काढण्यास चारी बाजूंनी वारे धावतात. पृथ्वीच्या परिवलनामुळे हे वारे सरळ केंद्रात न शिरता वळतात. आपल्या उत्तर गोलार्धात घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने. विषुववृत्ताच्या अगदी जवळ हे वळण देणारा प्रभाव नाममात्र असतो. म्हणून निकोबारच्या दक्षिण टोकाशी पाणी उबदार असूनही वादळे तेथे सहसा बाळसे धरीत नाहीत. उत्तरेकडे अंदमानाशी आली म्हणजे धरतात. चीनच्या दक्षिण समुद्रातील विरलेल्या वादळांचे अवशेषही कधीकधी थायलंडची चिंचोळी भूमी ओलांडून या बाजूस येतात आणि नव्या पाण्यावर पुन्हा जीव धरतात.

वादळ बेटांवरून किंवा बेटांजवळून गेले म्हणजे काय होते, हे 2016 च्या डिसेंबरात दिसले. ‘वरदा’ हे चक्रीवादळ त्या वेळी अद्याप पूर्ण वाढलेलेही नव्हते. परंतु समुद्र इतका खवळला की बेटाबेटांतील जहाजे बंद झाली आणि हॅवलॉक (आताचे स्वराज द्वीप) व नील (शहीद द्वीप) या बेटांवर चौदाशेहून अधिक पर्यटक अडकून पडले. त्यांना सोडविण्यासाठी नौदलाची जहाजे पाठवावी लागली. बेटावर राहणाऱ्याचे संकट असे दुहेरी असते: वरून पाऊस, आणि भाजीपाला, औषधे, टपाल हे सारे ज्या वाटेने यावयाचे, ती वाटच बंद. तेच वादळ पुढे 12 डिसेंबरला चेन्नईवर आदळले. तत्पूर्वी 2013 च्या ऑक्टोबरात ‘फायलिन’ उत्तर अंदमानातील मायाबंदरजवळून गेले आणि तीनच दिवसांत ओडिशाच्या गोपाळपूरला पोहोचले. बेटांवर झालेली गडबड ही म्हणून मुख्य भूमीला आगाऊ वर्दी असते.

आता आपल्या वादळाकडे वळू. 9 ऑक्टोबर 2020 रोजी उत्तर अंदमान समुद्र आणि लगतचा उपसागर यांवर कमी दाबाचा पट्टा तयार झाला. 11 तारखेस त्याला ‘डिप्रेशन’ म्हणण्याजोगे स्वरूप आले, 12 तारखेस ते ‘तीव्र डिप्रेशन’ झाले, आणि 13 तारखेच्या सकाळी साडेसहा ते साडेसातच्या दरम्यान त्याने आंध्रात काकिनाड्याजवळ किनारा ओलांडला. वाऱ्याचा वेग त्या वेळी ताशी 55 ते 65 किलोमीटर होता. आपल्या देशाच्या हवामान खात्याच्या नियमानुसार वाऱ्याचा टिकाऊ वेग ताशी 62 किलोमीटरांवर गेल्याचे ठरले, तरच त्यास चक्रीवादळ म्हणतात आणि ठरलेल्या यादीतील नाव देतात. हे वादळ उंबरठ्यापर्यंत आले. आत गेले नाही. म्हणून ते बिननावाचे राहिले.

येथेच त्या पालकांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर आहे. नाव मिळते ते वाऱ्याच्या वेगावरून, पावसाच्या मापावरून नव्हे. वारा घरांची छपरे उडवितो, झाडे पाडतो, समुद्राचे पाणी किनाऱ्यावर लोटतो. ते सारे मुख्यतः किनारपट्टीचे दुःख. जमिनीवर आले की वादळाचा वारा लवकर थकतो, कारण खालचे उबदार पाणी सुटलेले असते आणि झाडे, डोंगर, घरे त्याला अडवितात. पण त्याने बरोबर आणलेली वाफ काही लगेच नाहीशी होत नाही. आपण समुद्रापासून साडेपाचशे किलोमीटर आत; आपल्यापर्यंत वारा मरगळून येतो आणि पाऊस मात्र शाबूत येतो.

13 तारखेच्या रात्री हैदराबादेत काय झाले ते पुष्कळांना आठवत असेल. आपल्यापैकी अनेकांचे आप्त तेथे आहेत. बेगमपेठ येथे चोवीस तासांत सुमारे 19 सेंटिमीटर पाऊस नोंदला गेला. ऑक्टोबर महिन्यातील त्यापूर्वीचा उच्चांक 1903 सालचा, तो साडेअकरा सेंटिमीटरांच्या आसपास होता. तेथून वादळाचे केंद्र ताशी वीस-पंचवीस किलोमीटर, म्हणजे चांगल्या सायकलस्वाराच्या चालीने, पश्चिमेकडे सरकले आणि 14 तारखेस कलबुर्गी-सोलापूरच्या मुलखात आले. आपण त्याच्या वाटेवरच होतो.

आकाश ढगांनी भरलेले असताना वादळाचे केंद्र कोठे आहे हे यंत्रावाचून ओळखता येते. डच शास्त्रज्ञ बॉइस बॅलट यांनी 1857 साली सांगितलेला नियम सोपा आहे: वाऱ्याकडे पाठ करून उभे राहा, कमी दाबाचे केंद्र तुमच्या डाव्या हाताला असेल. समजा, वादळ आपल्या दक्षिणेकडून पूर्व-पश्चिम जात आहे. तर आधी वारा ईशान्येकडून येईल, केंद्र बरोबर दक्षिणेला आले की पूर्वेकडून, आणि ते पुढे निघून गेले की आग्नेयेकडून. वारा आग्नेयेचा झाला म्हणजे वादळ ओलांडले असे समजण्यास हरकत नाही. विद्यार्थ्यांनी पुढच्या ऑक्टोबरात वहीत दिशा लिहून हे पडताळून पाहावे. आपले शेतकरी पूर्वेचा वारा सुटला की हातातील काम आवरतात, त्यामागे हेच निरीक्षण असावे असे आम्हांस वाटते.

आता पाण्याचा हिशेब. एका एकरावर दहा सेंटिमीटर पाऊस म्हणजे सुमारे चार लाख लिटर पाणी. दहा हजार लिटरच्या टँकरने आणावयाचे तर चाळीस खेपा, आणि तेही एका एकरासाठी! एरवी उन्हाळ्यात एका टँकरची वाट पाहणाऱ्या माणसाला हा आकडा हर्षाचा वाटेल. पण हे चित्रा नक्षत्र होते. सोयाबीन कापून गंजी रानात रचलेली, तूर फुलावर येण्याच्या बेतात, आणि रब्बी ज्वारीसाठी रानाला वाफसा हवा. गंजी भिजली की शेंगांना कोंब फुटतात, दाणा काळा पडतो आणि बाजारात त्याला कोणी विचारीत नाही. तुरीच्या मुळाशी पाणी साचले की झाड उभ्या उभ्या वाळते. काळ्या रानात पंधरा पंधरा दिवस पाभर घालता येत नाही. वर्षाचे कष्ट एका रात्रीत असे हातचे जातात, आणि त्यासाठी ताशी शंभर किलोमीटरांचा वारा लागत नाही.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग नद्यांत आहे. वादळ आपल्यावरून पश्चिमेस गेले. सोलापूर आणि पुणे या जिल्ह्यांत त्याने धो धो पाऊस पाडला. पंढरपुरात कुंभार घाटावरील भिंत कोसळून सहा जण मृत्युमुखी पडले. उजनी धरण पावसाळ्याअखेर भरलेले होते, त्यामुळे आलेले पाणी खाली सोडण्यावाचून गत्यंतर नव्हते. सीना आणि नीरा याही दुथडी वाहत होत्या. हे सारे पाणी भीमेत आले, आणि भीमा तर पूर्वेकडे वाहते! म्हणजे वादळ पश्चिमेस गेले आणि त्याचे पाणी मागे वळून आपल्याकडे आले. कलबुर्गी जिल्ह्यात आभाळ मोकळे झाल्यावर, ऊन पडल्यावर भीमेला पूर चढला. अफजलपूर, गाणगापूर, जेवर्गी या बाजूची गावे पाण्यात गेली आणि लोकांना बोटींतून बाहेर काढावे लागले. पाऊस थांबला म्हणून निर्धास्त झालेल्यांची फसगत झाली ती यामुळे. ज्यांचे आप्त भीमाकाठी आहेत त्यांनी चिटगुप्प्याच्या आभाळाकडे न पाहता पंढरपूरच्या पाण्याची चौकशी करावी, हे बरे.

आपल्या बीदर जिल्ह्याचे पाणी दोन खोऱ्यांत विभागले जाते. मुल्लामारीचे पाणी दक्षिणेस भीमेच्या खोऱ्यात जाते. कारंजा आणि मांजरा यांचे पाणी गोदावरीला मिळते. कृष्णा आणि गोदावरी, दोघीही शेवटी बंगालच्या उपसागरासच जातात. गोदावरीचा त्रिभुज प्रदेश तर काकिनाड्याच्या अगदी शेजारी. वादळ ज्या दारातून आत आले, त्याच दाराशी त्याचे पाणी पुन्हा जाऊन पोहोचते.

वादळ मात्र परत फिरले नाही. 16 तारखेस त्याचे अवशेष महाराष्ट्राचा किनारा ओलांडून अरबी समुद्रात उतरले, आणि उबदार पाणी पायाखाली येताच 17 तारखेस त्यांतून पुन्हा एक डिप्रेशन उभे राहिले. त्या दिवशी इकडे भीमेचा पूर अजून उतरावयाचा होता.